शेडमध्ये जुना कब कॅडेट 102 मिळालाय, काय करू? – आधी चालव, रंगाचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ दोन एकराचं घर घेतलंय, मागच्या शेडमध्ये आधीच्या मालकाने कब कॅडेट 102, म्हणजे छोटा बागेचा ट्रॅक्टर, तसाच सोडलाय, दहा-बारा वर्षं जागचा हललेला नाही, टायर बसलेत, इंजिन फिरतं की जाम आहे ते माहीत नाही, सोबत एक छोटा नांगर आणि बर्फ ढकलायचं पातं पण आहे. हा भंगारात द्यावा, पूर्ण खोलून नव्यासारखा करावा, की दुकानातून सरळ नवीन लॉन ट्रॅक्टर आणावा? आणि शेवटी लिहिलंय, "काका, बायकोला भाजीचा मळा करायचाय."

काका म्हटलंस म्हणून एकेरीवर येतो, राग मानू नकोस. मी ओहायोत राहतो, मूळ गाव वाळवा तालुक्यात, आणि गेली वीसेक वर्षं ह्या छोट्या ट्रॅक्टरांचा नाद आहे. दारात सध्या चार आहेत, त्यातला एक तुझ्यासारखाच 102.

भंगारात तर देऊच नकोस. पण पूर्ण खोलू पण नकोस, आणि हे मी जास्त जोर देऊन सांगतोय कारण बहुतेक चांगले ट्रॅक्टर गंजून मरत नाहीत, खोलून ठेवल्यामुळे मरतात. माझा पहिला होता व्हील हॉर्स, दुसऱ्या कंपनीचा असाच छोटा ट्रॅक्टर, 300 डॉलरला घेतला, चालवत ट्रेलरवर चढवला होता. घरी आणून एका शनिवार-रविवारात पार नटबोल्टापर्यंत खोलला, हौस दुसरं काय, म्हटलं सगळं साफ करून रंग देऊन बांधू. मग थंडी आली, ऑफिसचं काम वाढलं, डब्यांवर लिहिलेली नावं पुसली गेली, आणि दोन हिवाळे ते गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहिलं. शेवटी बांधला तेव्हा कळलं की त्याला फक्त पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारी दोन छोटी टोकं), एक ऑइल सील आणि पुढची दोन बेअरिंग हवी होती. चालता ट्रॅक्टर आपलं दुखणं स्वतः सांगतो, कुठून आवाज येतोय, कुठे गळतंय, कुठला गिअर सुटतोय, खोललेला ट्रॅक्टर काहीच सांगत नाही. म्हणून आधी चालव, कामाला लाव, मग जे दुखेल तेवढंच उघड.

आता तुझ्याकडे नेमकं काय आहे ते बघ. कब कॅडेट काढला इंटरनॅशनल हार्वेस्टरने, 1961 च्या सुमारास, केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यात. त्या वेळी शहराबाहेर घरं वाढत होती, लोकांकडे एक-दोन एकर जागा असायची, मोठा ट्रॅक्टर परवडायचा नाही आणि हाताने ढकलायचं यंत्र पुरायचं नाही, आणि ह्या मधल्या जागेत व्हील हॉर्सवाले जोरात विकत होते. हार्वेस्टरकडे तेव्हा फार्मॉल कब नावाचा छोटा शेतीचा ट्रॅक्टर होता, त्याच्या गिअरबॉक्सवर आणि मागच्या भागावर बेतून त्यांनी हा धाकटा बांधला. पहिल्या मॉडेलमध्ये 7 हॉर्सपॉवरचं कोहलर इंजिन होतं आणि इंजिनाची ताकद मागे पट्ट्याने जायची. 1963 मध्ये 70 आणि 100 आले, त्यात पट्टा जाऊन सरळ शाफ्ट आला, आणि त्याच घराण्यातला तुझा 102, म्हणजे 1965 ते 67 मधला. पहिले दोन आकडे हॉर्सपॉवरचे, 10. इंजिन कोहलर के-241, एक सिलिंडर, 23.9 घनइंच म्हणजे साधारण 390 सीसी, आपल्या बुलेटपेक्षा थोडं मोठं. तीन गिअर पुढे, एक मागे.

आणि एक गोष्ट, जी मला कळली तेव्हा खरंच भरून आलं होतं. आमच्या चुलत्यांकडे इंटरनॅशनल बी-275 होता, आमच्या भागात तेव्हा मोजकेच ट्रॅक्टर, नांगरटीला लोक पाळी लावायचे. तो बी-275 पण ह्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या घराण्यातला. 1963 मध्ये महिंद्राने त्यांच्याबरोबर भारतात ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला ते बनायला लागले. इथे ओहायोत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा कब कॅडेटवर ती आयएच ची खूण बघितली तेव्हा आधी चुलत्यांचा ट्रॅक्टर आठवला, किंमत नंतर विचारली.

नवीन लॉन ट्रॅक्टरचं म्हणशील तर नुसतं गवत कापायचं असेल तर जरूर घे, काही वाईट नाही. पण लॉन ट्रॅक्टर आणि गार्डन ट्रॅक्टर ह्या दोन वेगळ्या जाती आहेत. दुकानात स्वस्तात मिळतो त्याला मागे हलका बंद गिअरबॉक्स असतो, तो पातं फिरवत मोकळं पळायला केलेला, त्याला नांगर लावलास तर एका हंगामात रडेल. तुझ्या 102 ला मागे बिडाची पेटी आणि खरे गिअर आहेत, जमिनीत घुसून ओढायलाच तो बनवलाय. मळा करायचाय म्हणालास, तर तुझ्या शेडमध्ये जे उभं आहे तेच तुला हवंय.

आता कामाला लागू. पहिल्या दिवशी बॅटरी आणून किल्ली फिरवायची नाही, हे पक्कं लक्षात ठेव. आधी बॉनेट काढ आणि फ्लायव्हीलवरचा पत्रा, म्हणजे हवा इंजिनवर वळवतो तो, तो उघड. दहा वर्षं शेडमध्ये उभ्या इंजिनात उंदरांचं घरटं नसेल तर मला नवल वाटेल. गवत, कापूस, अक्रोडाची टरफलं, मी एकदा तीन ओंजळी काढली होती. ही इंजिनं हवेने गार होतात, इंजिनवरच्या गार करणाऱ्या पट्ट्यांमध्ये, म्हणजे फिनमध्ये, घरटं बसलेलं असताना चालवलंस तर दहा मिनिटांत तापून पिस्टन धरेल. तोंडाला मास्क आणि हातात ग्लोव्ह घालूनच कर हे, उंदरांची घाण आहे.

मग प्लग काढ, भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोड आणि एक रात्र जाऊ दे. दुसऱ्या दिवशी हाताने फ्लायव्हील फिरवून बघ. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर पाना लावून अंगावर यायचं नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून प्लगच्या भोकातून सोडायचं आणि चार-पाच दिवस रोज थोडं थोडं हलवत राहायचं, पुढे-मागे, पुढे-मागे. मी एक इंजिन अकराव्या दिवशी सोडवलं होतं. फिरतंय पण कॉम्प्रेशन काहीच लागत नाही, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह गंजून उघडा अडकलेला असतो. हे फ्लॅटहेड इंजिन आहे, व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच असतात, हेडचे बोल्ट सोडवले की सगळं समोर दिसतं, टायमिंगला हात लावायची गरज पडत नाही. आणि गेज लावून कॉम्प्रेशन मोजत बसू नकोस, कोहलरच्या बऱ्याच के इंजिनांत सोपं स्टार्ट व्हावं म्हणून कॅमवरच थोडं कॉम्प्रेशन सोडायची सोय आहे, त्यामुळे आकडा कमी येतो आणि माणूस उगाच घाबरतो. फ्लायव्हील उलट दिशेने झटक्यात फिरव, उसळून परत आलं तर कॉम्प्रेशन आहे.

मग स्पार्क. बंद पडलेली ही इंजिनं मी आत्तापर्यंत जेवढी चालू केली त्यातली निम्म्याहून जास्त फक्त पॉइंट साफ करून चालू झाली. तुझ्या वडिलांकडे चेतक किंवा प्रिया असेल तर त्यांना विचार, त्यांना पॉइंट म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. के-241 मध्ये ते इंजिनच्या बाहेरच्या बाजूला एका छोट्या झाकणाखाली असतात, फ्लायव्हील काढावं लागत नाही, किती सोय केलीय बघ. झाकण काढ, आत दोन छोटी टोकं दिसतील, बोटाने उघड, काळी-राखाडी झालेली असतील. बारीक पॉलिश पेपरची पट्टी दुमडून मधून दोनदा ओढ, जास्त नाही. मग साधा पांढरा कागद मधे धरून पॉइंट मिटव आणि कागद ओढून काढ, त्यावर काळी रेघ येईल, परत नवीन जागा धरून ओढ, रेघ फिकट येईल, कागद स्वच्छ निघेपर्यंत करत राहा. पॉलिश पेपरचे कण राहिले तर स्पार्क येत नाही, आणि ही कागदाची पायरी लोक गाळतात. मग फिलर गेजने गॅप 0.020 इंच ठेव, प्लगचा 0.035. प्लग चॅम्पियनचा एच10सी बसतो.

टायमिंग अजून नीट बांधायचं असेल तर फ्लायव्हीलवर एस अशी खूण आहे, ती बघायच्या भोकात मधोमध आली की त्याच क्षणी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत, ते पिस्टन वर पोचायच्या 20 अंश आधी होतं. मल्टिमीटरचा बजर लावून हाताने हळू फिरवायचं, आवाज तुटला की पॉइंट उघडले. शांतपणे केलंस तर पंधरा मिनिटांचं काम आहे.

बॅटरी लावून प्लग टोपीत घालून त्याचं धातूचं अंग ब्लॉकला टेकवून फिरवलंस की निळा, कडक स्पार्क दिसायला हवा. पिवळा मरतुकडा दिसला तर कंडेन्सर बदल, स्वस्त असतो. आणि कधी असं झालं की गार असताना मस्त चालतो, अर्ध्या तासाने तापला की बंद पडतो, गार झाला की परत चालू, तर कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय घे. पण त्याआधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करून बघ. झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही, लक्षणं अगदी तीच. एका मित्राने ह्यापायी कार्बोरेटर तीनदा खोलला होता.

पेट्रोलचं म्हणशील तर टाकीतलं जुनं सगळं काढून टाक, ते आता वार्निश झालेलं असेल, वासावरूनच कळेल. टाकी आतून धुऊन घे, रबरी नळी बदल, टाकीखाली काचेची वाटी असेल तर साफ कर. कार्बोरेटर काढून पितळी भाग कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजव, बारीक भोकांत तार घालू नकोस, भोक मोठं होतं, हवा मार. आणि जमेल तिथून इथेनॉल नसलेलं पेट्रोल घे, महाग पडतं पण हे यंत्र आठवडे-महिने उभं राहतं आणि इथेनॉल पाणी ओढतं, जुनं रबर पण खातं.

ह्या ट्रॅक्टरला वेगळा स्टार्टर नाही, हे बघून नवीन माणूस गोंधळतो. एक लांबट डबा पट्ट्याने इंजिनला जोडलाय तो स्टार्टर पण तोच आणि चालू झाल्यावर बॅटरी भरणारा जनरेटर पण तोच. फिरताना कण्हत असेल तर लगेच तो खोलू नकोस, आधी पट्ट्याचा ताण बघ आणि बॅटरीची अर्थिंगची वायर चेसीला जिथे लागते तिथला रंग-गंज घासून चकचकीत कर. वायर सोडवून परत जोडल्या असतील तर चार्जिंगच्या रेग्युलेटरवर बॅट (बॅटरी) आणि जेन (जनरेटर) ह्या दोन टोकांना एका वायरने क्षणभर स्पर्श करायचा, ठिणगी उडेल, म्हणजे जनरेटरला दिशा कळते. हे नाही केलं तर उलटा चार्ज होऊन रेग्युलेटर जळू शकतो.

आता ऑइल. हे मी घाबरवायला सांगतोय असं समज. के इंजिनात ऑइलचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी पळी असते, ती प्रत्येक फेरीला ऑइलमध्ये बुडून ते वर उडवते, एवढ्यावर सगळं चालतं. रॉड ॲल्युमिनियमचा, त्यात वेगळं बेअरिंग नाही, तो सरळ क्रँकवर फिरतो. त्यामुळे ऑइल कमी असलं किंवा उतारावर बराच वेळ तिरका चालला की पळीला ऑइल लागत नाही. माझ्या दुसऱ्या ट्रॅक्टरवर जुलैच्या उन्हात ओढ्याकडच्या उतारावर गवत कापत होतो, सकाळी ऑइल बघायचं राहिलं होतं. आधी एक हलकी टकटक आली, मला वाटलं पात्याला खडा लागला. मी अजून एक फेरी मारली. मग धाडकन आवाज आणि ब्लॉकच्या बाजूने मुठीएवढं भोक, त्यातून रॉडचा तुकडा बाहेर. ते इंजिन 1960 च्या दशकापासून चालत आलं होतं आणि माझ्या हातात संपलं, अजून त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून दर वेळी बसायच्या आधी डिपस्टिक, पुसून दोनदा. उन्हाळ्यात एसएई 30, थंडीत पातळ. टकटक ऐकलीस की त्याच क्षणी बंद, घरापर्यंत पण चालवायचा नाही.

मागच्या पेटीत हाय-ट्रान नावाचं ऑइल लागतं, इंटरनॅशनलचं स्वतःचं, अजून मिळतं. जुनं काढशील तेव्हा रंग बघ. दुधाळ निघालं तर पाणी गेलंय, गिअरच्या दांड्याच्या रबरातून जातं बहुतेक वेळा, ते रबर बदल आणि पेटी रॉकेलने धुऊन परत भर. तसंच ठेवून हिवाळ्यात उभा केलास तर पाणी तळाला बसून गोठतं आणि बर्फ बिडाला सोडत नाही.

स्टिअरिंग ढिलं असणार, सगळ्यांचं असतं. स्टिअरिंगच्या पेटीच्या बाजूला ॲडजस्टिंगचा बोल्ट आणि लॉकनट आहे, पुढची चाकं जॅकवर उचलून, थोडं आवळ, पूर्ण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघ, मधे कुठे अडकलं तर जास्त झालं. पण त्याआधी पुढच्या ॲक्सलची मधली पिन आणि चाकांच्या पिना बघ, निम्मा ढिलेपणा तिथेच असतो. क्लच, पुढचा पीटीओ (इंजिनची ताकद पात्याला देणारा भाग) वगैरे आत्ताच हात लावू नकोस, चालवून बघितल्यावर ठरव.

गंजलेल्या सुट्या भागांसाठी, विशेषतः नांगर आणि साखळ्या, एक सोपा उपाय. मोठी प्लास्टिकची बादली, पाण्यात गॅलनला चमचाभर धुण्याचा सोडा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला, कुठलाही जुना लोखंडी तुकडा पॉझिटिव्हला, दोन्ही एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज मऊ काळा होऊन ब्रशने निघतो. उघड्यावर कर कारण हायड्रोजन निघतो, आणि पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीच नको, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. रंगाचं विचारशील तर माझं स्पष्ट मत आहे की मूळ पिवळा-पांढरा रंग जेवढा उरलाय तेवढा ठेव. धुऊन, वॅक्स लावून बघ, खाली किती रंग जिवंत आहे ते बघून थक्क होशील. रंग परत कधीही देता येतो, पण कारखान्यातून आलेला एकदा खरवडला की गेला. आणि खरवडायचा असेलच तर कोरडा घासू नकोस, त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. जुन्या क्लच प्लेट, ब्रेक आणि गॅसकेटच्या धुळीला पण तेच, हवा मारून उडवू नकोस, ॲसबेस्टॉस असायचं त्यात.

आणखी एक सांगतो, ह्या ट्रॅक्टरांना सीटखाली स्विच नसतो. नवीन मशीनवरून उठलं की इंजिन बंद पडतं, हा तसा चालूच राहतो, पातं पण फिरत राहतं. लहान मुलं असतील तर चालू ट्रॅक्टरच्या अंगणात ती नकोतच, मांडीवर घेऊन तर अजिबात नको, कितीही हट्ट केला तरी. बंद ट्रॅक्टरवर बसवून फोटो काढ हवे तेवढे.

पार्टची काळजी करू नकोस. कोहलरची के इंजिनं किती कंपन्यांनी वापरली, त्यामुळे पिस्टन, रिंग, गॅसकेट सगळं अजून मिळतं, बाकीचं जुन्या ट्रॅक्टरच्या यार्डात आणि मेळ्यांत. फक्त सिलिंडर बोअर करायची वेळ आली तर दुकान बघून दे. मी एकदा एका ठिकाणी दिला होता, त्यांनी माझा पिस्टन न मोजताच ठरलेल्या मापाला बोअर मारला, ढिला झाला, धूर थांबेना, परत पुढच्या मापाचा पिस्टन आणावा लागला. आधी पिस्टन घे, मग पिस्टनसकट ब्लॉक दे.

तू राहतोस तो भाग तर ह्या नादासाठी सोन्यासारखा आहे. लँकेस्टर काउंटीत किंझर्सला रफ अँड टंबल म्हणून जुन्या यंत्रांची संस्था आहे, ऑगस्टमध्ये मळणीचा मोठा मेळा भरतो, वाफेची इंजिनं चालताना बघायला मिळतील. गेटिसबर्गच्या बाजूला ॲरेंड्ट्सव्हिलच्या फेअरग्राउंडवर जूनमध्ये व्हील हॉर्सवाल्यांचा मेळा असतो, लाल ट्रॅक्टरांच्या रांगाच्या रांगा. तुझा पिवळा म्हणून कोणी हाकलत नाही, उलट म्हातारी माणसं थांबून थांबून सांगतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका आजोबांनी खिशातून फिलर गेज काढून मला तिथेच पॉइंट लावून दाखवले, इतकं शांतपणे, की मी आजही तसेच लावतो. अशा ठिकाणी गेलास की बाकीची घराणी पण कळतील. साउथ बेंडच्या पाँड बापलेकांचा व्हील हॉर्स, 1963 चा हिरवा जॉन डिअर 110, केस कंपनीचे तेलाच्या दाबावर चालणारे, पोर्ट वॉशिंग्टनचे सिम्प्लिसिटी आणि बोलेन्स. आणि जनरल इलेक्ट्रिकचा इलेक-ट्रॅक दिसला तर थांबून नीट बघ, 1969 ते 75 च्या काळात सहा बॅटऱ्यांवर, 36 व्होल्टवर चालणारा बागेचा ट्रॅक्टर विकायचे ते, आज लोक इलेक्ट्रिकचं कौतुक करतात तेव्हा मला तो आठवतो.

आता नांगराचं, कारण मळा हेच तुझं खरं काम. तुझ्याकडे आहे तो बहुतेक ब्रिनलीचा 10 इंची असेल, ही केंटकीत 1839 ला सुरू झालेली नांगर करणारी कंपनी, अजून आहे. मागच्या टायरचा दाब सारखा कर, चाकांना बिडाची वजनं असतील तर लाव. टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलेलं असू शकतं, व्हॉल्व्हपाशी पांढरं-तपकिरी साठलं असेल तर रिम आतून सडतेय, ते आधी काढ.

जमीन कधी नांगरायची ते तुला घरच्यांनी सांगितलेलंच असेल, वाफसा आल्यावर. इथे पण तोच नियम, फक्त पावसाऐवजी बर्फ वितळल्यावर. मूठभर माती घेऊन दाब, गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे, चिकट राहिला तर चार दिवस थांब. ओल्या चिकण मातीत घातलास तर उन्हाळाभर विटांसारखी ढेकळं फोडत बसशील. पहिलं तास, म्हणजे नांगराचा चर, निम्म्या खोलीने घे, दोरी लावून सरळ, कारण पुढची सगळी तासं त्याच्यावर. दुसऱ्या फेरीपासून उजवी चाकं आधीच्या तासात उतरतात आणि ट्रॅक्टर एका अंगाला कलतो, पहिल्यांदा बसल्यावर भीती वाटते, पण तसंच चालवायचं असतं. नांगर मात्र ह्या कललेल्या स्थितीत जमिनीला सपाट हवा, म्हणून लेव्हल करायचा तो उजवी चाकं तासात असताना, अंगणात सपाट उभा करून नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात आणि मग नांगर जमिनीत जात नाही म्हणून नांगराला दोष देतात. पहिला गिअर, थ्रॉटल पूर्ण, आणि मग गव्हर्नरवर, म्हणजे इंजिनचा वेग सारखा ठेवणाऱ्या यंत्रणेवर, सोड.

सहा इंचाच्या आसपास फाळ बसला की इंजिनचा आवाज जरा खाली जातो, एक क्षण वाटतं बंद पडतोय, मग गव्हर्नर उघडतो आणि तो घुमायला लागतो, आणि मागे वळून बघितलं की माती एका बाजूला चकाकत पलटी होत येते, चरात चिमण्या उतरतात, वास गावाकडचाच येतो. आमची मेथी आणि कोथिंबीर मेमध्ये निघते, बटाटे जुलैत, भेंडीला मात्र इथली थंडी सरेपर्यंत थांबावं लागतं. बायकोला सांग की पहिल्या वर्षी अर्धा गुंठाच घे, नांगरट सोपी आहे, तण काढणं नाही.

बर्फाच्या पात्याला चाकांना साखळ्या आणि मागे वजन एवढंच लागतं, पातं थोडं तिरकं ठेवून बर्फ ताजा असतानाच ढकल, एकदा दाबून बसला की 10 हॉर्सपॉवरला ऐकत नाही.

तर ह्या शनिवारी फक्त तीन कामं कर. घरटं काढ, प्लगच्या भोकात ऑइल सोड, आणि मागच्या पेटीतलं थोडं ऑइल बाटलीत काढून उजेडात धर. सिरियल नंबरच्या पट्टीचा आणि त्या बाटलीचा फोटो टाक. ऑइल दुधाळ असेल तर इंजिन चालू झालं तरी गिअर टाकू नकोस, आधी ते रबर मागवू.